आधी फिल्टर कापा, मग वॉरंटी घ्या

‘तुमच्या गाडीच्या वॉरंटीसंदर्भात बोलायचं होतं...’ अमेरिकेतल्या मराठी घरांना हा रेकॉर्ड केलेला आवाज चांगलाच परिचयाचा आहे. 2021 मध्ये एकाच टोळीने तीन महिन्यांत असे पाच अब्जांहून अधिक फोन केले. तिथल्या दूरसंचार नियामकाने 2023 मध्ये त्यांना जवळपास 30 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. एवढा उच्छाद सोसल्यावर ‘एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे लुबाडणूक’ असं कुणी ठरवून टाकलं, तर त्याला दोष देता येत नाही. तरीही सेकंडहँड पोर्शे घ्यायला निघालेल्याने हे मत दाराबाहेर काढून ठेवावं. आणि त्याच्याच शेजारी दुसरंही, ‘वॉरंटी घेतली की सुटलो’ हे.

कारण अशा गाडीत प्रश्न गाडीचा नसतो, त्या विशिष्ट इंजिनाच्या ठरलेल्या दुखण्याचा असतो. पोर्शेची ‘996’ पिढीतली 911 आणि पहिली बॉक्स्टर हे त्याचं नामांकित उदाहरण. या गाड्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टच्या चेनपर्यंत पोचवणारा एक मधला दांडा आहे. त्याचं क्लचकडचं टोक एका बंदिस्त बॉल बेअरिंगवर फिरतं. मुठीत मावेल एवढी ही वस्तू. तिच्या सीलमधून तेल आत शिरलं की आतलं ग्रीस धुऊन निघतं, गोळ्या झिजतात, आणि एक दिवस त्यांचा चुरा तेलाबरोबर इंजिनभर फिरतो. मग पिस्टन, व्हॉल्व्ह, काहीच वाचत नाही. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास जातो.

यावर अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि 2001 ते 2005 या मॉडेल-वर्षांच्या गाड्यांसाठी 2013 मध्ये तडजोड झाली. 2009 च्या मॉडेलपासून कंपनीने बहुतेक नव्या 911 मधून तो दांडाच काढून टाकला. म्हणजे 2004 ची आणि 2010 ची 911 शेजारी उभ्या केल्या, तर विक्रेत्याला दोन्ही ‘पोर्शे’च, वॉरंटी घेणाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या गाड्या वाटायला हव्यात.

आता करार उघडावा. अमेरिकी कायद्याच्या भाषेत ही बहुतेक वेळा वॉरंटी नसतेच, पैसे मोजून घेतलेला सेवा करार असतो. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात ‘हे हे भरून देऊ’ अशी यादी असते, दुसऱ्यात ‘हे सोडून बाकी सगळं देऊ’ अशी. दुसरा महाग असतो, पण स्पोर्ट्स कारसाठी विचार करण्यासारखा तोच. पहिल्या यादीत ‘इंजिन’ हा शब्द दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण खरी मेख पुढच्या पानावर असते: ‘झीज’ वगळली आहे का? आधीपासूनचा दोष? बेअरिंग झिजून मोडलं, तर ते मोडणं की झिजणं? या एका शब्दावर दावा तरतो किंवा बुडतो. शिवाय इंजिन खोलून पाहायची मजुरी बहुतेकदा मालकाने आधी भरायची असते. दावा फेटाळला तर ती त्याच्याच अंगावर.

जाहिरातीवर तर मुळीच जाऊ नये. 2024 मध्ये ‘कारशील्ड’ या कंपनीने आणि तिच्या करारांचं काम पाहणाऱ्या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी एक कोटी डॉलरची तडजोड केली. आरोप होता, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा.

मग वॉरंटीवाले नेहमीच जिंकतात का? नाही. मोटार-लेखक डग डीम्युरो यांनी जुन्या गाड्या विकणाऱ्या ‘कारमॅक्स’ या कंपनीकडून 2006 ची रेंज रोव्हर घेतली आणि चार हजार डॉलरच्या आत सहा वर्षांची वॉरंटी. गाडी इतकी बिघडली की कंपनीला त्या रकमेच्या कित्येक पट खर्च करावा लागला. गाडी स्पोर्ट्स नव्हती, पण हिशेब तोच: विकणाऱ्याने धोका स्वस्तात विकला, घेणाऱ्याने तो ओळखून घेतला. असं गिऱ्हाईक विरळा.

पुण्या-मुंबईतल्या हौशी मंडळींसाठी एक पुरवणी. जमिनीला टेकलेली गाडी जुलैतल्या तुंबलेल्या रस्त्यात घातली आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर वॉरंटीवाले सरळ हात वर करतात. तिथे विम्यातलं वेगळं इंजिन-संरक्षण लागतं, आणि ते नसेल तर विमा कंपनीही बहुधा हात वर करते.

जुन्या स्पोर्ट्स कारला वॉरंटी घ्यायचीच, तर ती कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, गाडी तपासून दिलेली घ्यावी. पोर्शेची प्रमाणित गाड्यांची तपासणी 111 मुद्द्यांची असते. अशी वॉरंटी मिळत नसेल, तर तेच पैसे आधी स्वतंत्र मेकॅनिकला द्यावेत. तो गाडी लिफ्टवर चढवतो, ऑइल फिल्टर काढून कापतो आणि आतल्या कागदाच्या घड्या टॉर्चखाली एकेक करून उलगडतो. घड्यांत नुसतं काळं तेल असेल तर ठीक. जरीसारखी चमक दिसली, तर सौदा तिथेच थांबवावा. आणि घड्या स्वच्छ निघाल्या, तर सही करण्याआधी त्याच मेकॅनिकला विचारावं की कुठल्या वॉरंटी कंपनीकडून त्याचं बिल वेळेवर चुकतं होतं. ती नावं त्याला तोंडपाठ असतात.