चाकोरीबाहेरची वाट आणि राज्याराज्यांचे कायदे

फलटण, खास प्रतिनिधी

पावसाळा ओसरू लागला की फलटण परिसरातील जीपमालकांना आडवाटांचे वेध लागतात. ताथवड्याचा संतोषगड, वारुगडाच्या पायथ्याचे माळ, शिखर शिंगणापूरचा डोंगर ही सारी ठिकाणे घराजवळची. एक दिवस अधिक मिळाला तर कास, कोयना, चांदोली. आणि चार दिवसांची सवड असेल, तर कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करीत चोर्ला घाटाने थेट गोवा. चारही चाकांना ताकद पुरविणारे वाहन ही एके काळी लष्कराची, वन खात्याची किंवा मोठ्या बागायतदाराची मिरास होती. २०१० मध्ये ‘थार’ आली, २०२० मध्ये तिचे नवे रूप आले, २०२३ मध्ये ‘जिम्नी’ आली आणि हे वाहन डॉक्टर, अभियंते, व्यापारी यांच्या दारात उभे राहिले. वाहनाच्या जाहिरातीत नदी, वाळू आणि डोंगर दिसतो. तेथे वाहन नेण्याचा अधिकार मात्र त्या वाहनाबरोबर विकत मिळत नाही, हे बहुतेकांना उशिरा कळते.

डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये एका पर्यटकाने वाहतूक कोंडी टाळण्यासाठी चंद्रा नदीच्या पात्रातूनच थार नेली. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी मोटार वाहन कायद्यान्वये साडेतीन हजार रुपयांचा दंड केला. जुलै २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातील सडावाघापूर परिसरात, पठारावर मोटारीची कसरत करताना मोटार दरीत कोसळली व एक तरुण जखमी झाला. अशा घटनांनंतर संतापाची लाट येते, प्रशासन मनाईचे आदेश काढते आणि काही आठवड्यांनी सारे पूर्ववत होते. मुळातला प्रश्न मात्र तसाच राहतो. रस्ता सोडून वाहन कोठे नेता येते आणि कोठे नाही, हे नागरिकाला आधी कळण्याची काही सोय आहे काय?

वाहन केंद्राचे, जमीन राज्याची

या गोंधळाचे मूळ राज्यघटनेतील अधिकारांच्या वाटणीत आहे. यांत्रिक वाहने हा समवर्ती सूचीतील विषय असून त्यासाठी १९८८ चा केंद्रीय मोटार वाहन कायदा आहे. वने आणि वन्यजीव हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. जमीन आणि पोलिस मात्र राज्यांच्याच हाती आहेत. त्यामुळे नोंदणी, परवाना आणि विमा देशभर चालतो. पण चाक डांबरावरून उतरले की कायदा त्या त्या राज्याचा, अनेकदा त्या त्या जिल्ह्याचा लागू होतो.

वन कायद्याचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात १९२७ चा भारतीय वन कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे. निपाणीच्या पुढे कर्नाटकाचा स्वतःचा १९६३ चा वन कायदा आहे. केरळचा कायदा १९६१ चा, तर तमिळनाडूचा चक्क १८८२ चा. राखीव वनात विनापरवाना शिरणे सर्वत्र गुन्हा आहे. मात्र परवानगी कोण देणार, शुल्क किती आणि खासगी वाहन चालेल की स्थानिक वाहनच घ्यावे लागेल, याची उत्तरे राज्यागणिक बदलतात.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानांपुरता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशभर एकसारखा आहे. त्याच्या कलम २७ नुसार प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ नुसार ठरावीक कारणांसाठीच परवाना मिळतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. वाहन जप्त होते, ते वेगळेच.

एक सहल, तीन राज्ये

समजा, फलटणहून तीन जीप गोव्याकडे निघाल्या. पहिला मुक्काम पाटणच्या बाजूस. येथे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण येथे आणून सोडण्यात आली. अशा वेळी गाभा क्षेत्रातील जुन्या गाडीवाटेवर हौसेखातर जीप घालणे म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. एका मोठ्या प्रयोगाला धक्का लावणे आहे.

दुसऱ्या दिवशी निपाणी ओलांडून बेळगाव, जांबोटी आणि कणकुंबी. रस्त्याच्या दुतर्फा खानापूर तालुक्यातील जंगल असून भीमगड अभयारण्य याच भागात आहे. येथे महाराष्ट्रातील परवानगीचा कागद उपयोगी पडत नाही. पुढे चोर्ला घाटात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमा एकमेकींना भेटतात. घाट उतरताना गोव्याचे म्हादई अभयारण्य लागते, तर महाराष्ट्राच्या बाजूस दोडामार्ग तालुक्यात २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले आहे. जंगल सलग आहे. हत्ती, वाघ आणि गवे सीमा पाळत नाहीत. मात्र वनरक्षकाची चौकी, पावती आणि भाषा काही किलोमीटरमध्ये बदलते.

तिसरा दिवस गोव्यात. दूधसागर धबधब्याकडे जाणारा, ओढे ओलांडणारा कच्चा रस्ता पाहून कोणत्याही जीपमालकाचा हात शिवशिवेल. पण हा मार्ग भगवान महावीर अभयारण्यातून जातो आणि पर्यटकांसाठी कुळे येथून स्थानिक जीपगाड्यांची व्यवस्था आहे. स्वतःची जीप कुळ्यालाच ठेवावी लागते. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. जुलै २०२३ मध्ये बुडून मृत्यू होण्याच्या घटनांनंतर गोव्याच्या वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली होती. उरला समुद्रकिनारा. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘आम्ही बाहेरगावचे’ ही सबब पोलिस ऐकत नाहीत.

परतीच्या वाटेवरही राज्याची सीमा आठवण करून देते. गोव्यातून मद्य आणताना रीतसर परवाना नसेल, तर सिंधुदुर्गातील तपासणी नाक्यावर सहलीचा शेवट गुन्हा नोंदविण्यात होऊ शकतो.

याहून दूर जाणाऱ्यांसाठी यादी आणखी वाढते. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. निलगिरी आणि कोडाईकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून ई-पास लागू झाला. रोहतांग खिंडीत रोज जाणाऱ्या वाहनांची संख्या राष्ट्रीय हरित लवादाने मर्यादित केली. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे भारतीय नागरिकालाही आंतररेषा परवाना काढावा लागतो.

गाडीचाही हिशेब

जमिनीचे कायदे पाळले तरी गाडीचा हिशेब उरतोच. आडवाटेला जाणाऱ्यांमध्ये मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन, पुढचा लोखंडी संरक्षक दांडा, छतावरचे प्रखर दिवे यांची हौस मोठी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे संरक्षक दांडे बेकायदा असल्याचे राज्यांना कळविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. नियम एकच, अंमलबजावणी निरनिराळी. सातारा जिल्ह्यात ज्या दांड्याकडे कोणी पाहिले नाही, तोच दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर दंडाची पावती फाडायला लावतो.

जुन्या जीपवर माया असणाऱ्यांची अडचण वेगळी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना २०१५ मध्ये हरित लवादाने मज्जाव केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कारवाईच्या स्वरूपात बदल केले. ताजा आदेश पाहिल्याशिवाय त्या बाजूस जुनी गाडी नेणे धोक्याचे. कराबाबतही असेच. परराज्यातील वाहन ३० दिवसांहून अधिक राहिल्यास आजीवन कर घेण्याची तरतूद कर्नाटकाने २०१४ मध्ये केली होती. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या काळात मनस्ताप झाला तो सामान्य वाहनमालकाला.

विम्याकडे तर कोणी पाहतच नाही. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या सर्वसाधारण वाहन विम्याच्या कक्षेबाहेर असतात. नदीपात्रात इंजिनात पाणी शिरल्यास वेगळे संरक्षण घेतले नसेल, तर दुरुस्तीचा भुर्दंड मालकालाच बसतो.

ओसाड म्हणजे बेवारस नव्हे

परराज्याचे कायदे दूरचे वाटत असतील, तर घराजवळचा माळ पाहावा. फलटण आणि माण तालुक्यांतील माळरानांना सरकारदरबारी आणि बोलीतही ‘पडीक’ म्हटले जाते. त्यामुळे ती कोणाचीच नाहीत, असा समज होतो. प्रत्यक्षात एकाच माळावर वन खात्याची राखीव जमीन, गावाचे गायरान आणि खासगी गट शेजारी शेजारी असतात. मध्ये कुंपण नसते. लांडगा, खोकड, चिंकारा, तसेच जमिनीवर अंडी घालणारे माळटिटवीसारखे पक्षी यांचा हाच अधिवास. उथळ मातीवर पावसाळ्यात एकदा चाकोरी उमटली की पाणी त्याच वाटेने धावते आणि पुढच्या वर्षी तिची घळ होते. कासच्या पठारावर कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. तेथे तर एका चाकाने होणारे नुकसान भरून येणे अवघड. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकसंख्येवर मर्यादा घालावी लागली, ती याच कारणाने.

पाणंद रस्त्यांचेही तसेच. ते गावाच्या नकाशावर असतात, सार्वजनिक असतात, म्हणून तेथे वाहन नेणे सहसा बेकायदा ठरत नाही. परंतु ओल्या पाणंदीत चार जीपनी चिखल तुडविला की त्याच वाटेने उसाची ट्रॉली काढणाऱ्या शेतकऱ्याचे काय होते, याचा विचार शहरातील पर्यटकाने करायला हवा. गावकरी आणि पर्यटक यांच्यात खटके उडतात, ते बहुधा याच मुद्द्यावर.

परदेशांत काय होते?

अमेरिकेतही राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात अशा वाहनांसाठी स्वतंत्र स्टिकर लागतात, तर युटामध्ये २०२३ पासून ऑनलाइन शिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो. मात्र १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशाने सरकारी जमिनीवर कोणते मार्ग खुले आणि कोणते बंद, हे ठरविण्याचे बंधन यंत्रणांवर घातले. २००५ च्या नियमांनंतर तेथील वन खाते वाहनांसाठी खुल्या मार्गांचे नकाशे प्रसिद्ध करते. उलट आइसलँडने रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर वाहन नेण्यावरच बंदी घातली आहे. दोन्ही धोरणे परस्परविरोधी, पण दोन्हींत नागरिकाला उत्तर आधी मिळते.

आपल्याकडे खरी उणीव येथे आहे. जो परवानगी मागायला जातो, त्याला असा अर्जच नसल्याचे सांगितले जाते. जो विचारत नाही, तो सरळ आत शिरतो आणि बहुतेक वेळा सुटतोही. प्रामाणिक माणसाला अडवणारी आणि बेपर्वाला मोकळीक देणारी व्यवस्था जंगलाच्याही कामाची नाही आणि पर्यटनाच्याही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या वाहनांनी वाघीण व तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. परवाना असलेल्या वाहनांची ही गत, तर विनापरवाना वाहनांवर लक्ष कोण ठेवणार?

मार्ग काय?

उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. फलटणपासून जवळच, पुणे जिल्ह्यातील कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन खात्याने माळरान सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेले मार्ग आणि स्थानिक मार्गदर्शक ही तिची त्रिसूत्री. हाच विचार पुढे नेऊन, वन्यजीवांना बाधा न होणाऱ्या जागा, उदाहरणार्थ बंद पडलेल्या खडी-मुरुमाच्या खाणी, ग्रामपंचायतींच्या संमतीने आडवाटेच्या वाहनांसाठी राखता येतील. शुल्क गावाला मिळेल आणि वनजमिनीवरील ताण कमी होईल. सातारा, सांगली, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर गोवा या सलग जिल्ह्यांच्या प्रशासनांनी खुले मार्ग, बंदीचे काळ आणि परवाना देणारे कार्यालय यांची एकत्रित माहिती मराठी, कन्नड आणि कोकणीत प्रसिद्ध केली, तरी निम्मे प्रश्न सुटतील.

तोवर जबाबदारी प्रवाशावर आहे. निघण्यापूर्वी जमिनीचा सातबारा पाहणे, संबंधित वनक्षेत्रपालांकडे विचारणा करणे, जिल्हाधिकाऱ्यांचे पावसाळी मनाई आदेश तपासणे, परराज्यात पोचल्यावर तेथील कार्यालयात पुन्हा विचारणे आणि गाडीचे कागद, विमा व बदल यांची खातरजमा करणे एवढे तरी प्रत्येकाने करावे. कोठेच उत्तर मिळाले नाही, तर चाक डांबरावरून उतरवू नये. चाकोरीबाहेर जाण्याची हौस वाईट नाही. मात्र आपण मागे जी चाकोरी सोडून येतो, ती पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या शेतात आणि कोणाच्या घरट्यात पाणी नेणार आहे, हे पाहूनच गिअर टाकलेला बरा.