टायरचा हिशेब कोण मांडणार?

शेतीच्या खर्चाचा विषय निघाला की आपण बियाणे, खत, औषध, मजुरी आणि डिझेल ही यादी बोटांवर मोजून दाखवतो. टायर त्या यादीत येत नाही. बी दरवर्षी घ्यावे लागते, डिझेल आठवड्याला. टायर मात्र काही वर्षांतून एकदा, एकदम दारात उभा राहतो, आणि तोही बहुधा पेरणीच्या तोंडावर किंवा कापूस बाजारात न्यायच्या दिवसांत. त्या वेळी हातात पैसा नसतो. मग दुकानदार दाखवील तो टायर, सांगेल ती किंमत आणि देईल ती उधारी, असा सौदा होतो. आमचे म्हणणे असे की ज्या वस्तूवर आपला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जीप उभी आहे, तिची निवड, निगा आणि बदल हा व्यवहार अडचणीच्या दिवशी उरकायचा नसतो. तो वर्षभर वहीत मांडायचा असतो.

हिशेब करून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांची ट्यूबसह किंमत आपल्या तालुक्याच्या दुकानात विचारा आणि तिला या आकड्यांनी भागा. किती क्विंटल कापूस किंवा किती क्विंटल ज्वारी चाकाखाली जाते ते कळेल. तो आकडा पुन्हा टायर जितकी वर्षे चालला त्या वर्षांनी भागा. जोडी सहा वर्षे चालली तर एक खर्च, तीनच वर्षांत गेली तर दुप्पट. मधला फरक कंपनीने ठरवलेला नसतो. तो बराचसा आपल्या अंगणात ठरतो.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. पिकांचा उत्पादन खर्च काढण्यासाठी निवडक शेतकऱ्यांकडून कृषी विद्यापीठांमार्फत माहिती गोळा केली जाते आणि ती कृषी मूल्य आयोगाकडे जाते. स्वतःच्या यंत्राचा खर्च त्यात धरण्याची सोय आहे. पण माहिती घेणारा माणूस शेतकरी सांगेल तेच लिहिणार. ज्याने पंक्चर, ट्यूब, टायर यांची नोंदच ठेवली नाही, तो सांगणार काय? रास्त भाव मागणाऱ्याने आपला खर्च आधी स्वतःला माहीत करून घेतला पाहिजे.

हवा आणि जमीन

टायर खराब होण्याचे सर्वांत मोठे कारण हवा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतले धागे तापतात आणि रबरापासून सुटतात. बाहेरून टायर ठीक दिसतो, आतून संपत आलेला असतो. हवा जास्त झाली की टायर फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो, मधली नक्षी आधी जाते आणि खड्ड्यात दणका बसला की बाजू फुटते. लाथ मारून किंवा हातोडी वाजवून हवा कळते, हा समज सोडून द्यावा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतकामाला साधारण १२ ते १६ पौंड हवा लागते, पुढच्यात त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा अधिक. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो, जीप किंवा पिकअपचा बहुतेक वेळा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दहा कोस धावलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते. ती वाढ पाहून हवा सोडली तर गार झाल्यावर टायर उपाशी राहतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय सभेपुढे आणत आहोत, ती सांगतो. कृषी पदवीच्या वर्गात टायर हा यंत्रशाळेचा विषय म्हणून शिकवला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला तो जमिनीचा विषय आहे. टायर जमिनीच्या वरच्या थरावर जो दाब देतो, तो जवळपास टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. म्हणजे १२ पौंडांचे काम २४ पौंडांवर केले तर त्याच जमिनीवर दाब सुमारे दुप्पट पडला. खोलवरचा थर किती दाबला जातो हे मुख्यतः आसावरच्या एकूण वजनावर ठरते. तो थर एकदा दाबला की साध्या वखरणीने सुटत नाही.

काळ्या जमिनीत ओल असताना हे नुकसान सर्वांत जास्त होते. मातीतल्या पोकळ्या मिटतात, पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो, आणि पऱ्हाटीचे सोटमूळ कडक थरावर आपटून आडवे वळते. ज्याच्याकडे विहीर नाही त्याची सारी पुंजी म्हणजे जमिनीत मुरलेला पाऊस. बोंडे भरण्याच्या वेळी झाड ज्या ओलीवर जगते, ती ओल आपण जूनमध्ये चाकाखाली घालवलेली असते. झाड सुकले की दोष पावसाला देतो.

ट्रॉलीची गोष्ट याहून वाईट. तिचे टायर अरुंद, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या कितीतरी पट हवेवर चालणारे. परतीचा पाऊस होऊन गेला आहे, पहिली वेचणी निघाली आहे, आणि भरलेली ट्रॉली ओल्या वावरातून बांधापर्यंत ओढली जाते. ती चाकोरी पुढच्या हंगामात उगवणीत दिसते. ट्रॉली धुऱ्यावर उभी करावी आणि कापूस बैलगाडीने किंवा डोक्यावरून तिथवर आणावा. मजुरी चार पैसे जास्त पडेल, पण जमीन वाचेल. वावरात जायलाच लागले तर दरवर्षी एकाच वाटेने जावे, सगळे वावर तुडवू नये.

नांगरणीच्या वेळी चाक घसरते म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. त्यात चूक नाही. पण नांगरणीला लागणारे वजन पेरणीला लागत नाही. काम संपले की पाणी काढावे. घसरण किती हे मोजणेही सोपे आहे. मागच्या चाकाला खडूची खूण करा. त्याच वावरात अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर पावलांनी मोजा. मग नांगर लावून दहा फेरे. आधी १०० पावले आणि नंतर ८५ भरली, तर घसरण १५ टक्के. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते. त्याच्या बरीच वर गेली तर डिझेल आणि टायरचे दाते दोन्ही मातीत जात आहेत. त्याहून कमी म्हणजे वजन गरजेपेक्षा जास्त वागवले जात आहे.

बाकीची निगा थोडक्यात. ज्वारीची धसकटे आणि पऱ्हाटीची तिरपी कापलेली खुंटे बाभळीच्या काट्याइतकीच टायरची वैरी आहेत. चाक तासाच्या मधून चालवावे, तास तुडवत आडवे नेऊ नये. डिझेल आणि ऑइल रबराला खाते, सांडले तर लगेच पुसावे. उन्हाळ्यात ट्रॅक्टर सावलीत ठेवावा. महिनोन्‌महिने काम नसेल तर लाकडी ठोकळ्यांवर आस टेकवून चाकावरचा भार काढावा. पुढचे टायर एकाच बाजूने झिजत असतील तर नवे टायर घालून उपयोग नाही. आधी चाकांची दिशा मिस्त्रीकडून जुळवून घ्यावी, नाहीतर नवी जोडीही त्याच वाटेने जाईल.

घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट, माप. गाडीच्या पुस्तकात जे माप आहे तेच घ्यावे. रुंद टायर दिसायला भारदस्त असतो, पण कपाशीच्या दोन तासांत तो बसत नाही. दुसरी, ताकद. ‘प्लाय’चा आकडा आतले थर मोजून लिहिलेला नसतो, तो वजन पेलण्याच्या ताकदीचा निर्देश असतो. ट्रॉलीला कमी प्लायचा टायर स्वस्त म्हणून घेतला तर मुरूम-रेतीच्या दोन खेपांत त्याची किंमत कळते. तिसरी, एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल असे कधीही घालू नये. जीपला दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे घालावेत. मागचे चाक ओल्या रस्त्यावर सुटले तर गाडी फिरते आणि ती सावरणे कठीण असते.

चौथी गोष्ट, जन्मतारीख. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानाच्या माळ्यावर चार वर्षे पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. हे आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. मोटारींच्या टायर-ट्यूबना २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय खूण सक्तीची झाली आहे. जीप-पिकअपचा टायर घेताना ती खूण पाहावी.

रिमोल्ड टायर वाईट नसतो, पण आतला सांगाडा धड असेल तरच. बाजूला चीर नाही, फुगा नाही, धागा उघडा नाही, अशाच टायरवर रबर चढवावे. तो मागे चालेल, ट्रॉलीला चालेल. पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाला नको.

बदलायचा कधी? चारचाकी गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावर चालत नाही. नक्षीच्या खाचेत लहान आडव्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की वेळ झाली. फुगा आला, धागा दिसला, तर नक्षी कितीही असो, टायर काढावाच. ज्या जीपमधून बाजाराच्या दिवशी गावची माणसे जातात, तिच्या गोटा झालेल्या टायरवर वाचवलेला पैसा हा वाचवलेला नसतो. उतरवलेला टायर बैलगाडीच्या मंद चालीला अजून काही वर्षे काम देतो, तेव्हा त्याचीही किंमत धरावी.

बाजाराची बाजू

निगा आपली, हे आम्ही स्पष्ट सांगितले. पण किंमत आपल्या अंगणात ठरत नाही. ट्रक-बसच्या नायलॉन टायरांच्या व्यवहारात पाच मोठ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनेने २०११-१२ मध्ये संगनमत करून भाव वाढवले, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने काढला आणि मिळून १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आदेश ऑगस्ट २०१८ चा, पण न्यायालयीन वादामुळे तो जाहीर झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. कंपन्या अपिलात गेल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. खरे-खोटे न्यायासनाने ठरवावे. आम्ही एवढेच पाहतो की तक्रार टायर विक्रेत्यांच्या संघटनेकडून आली होती. म्हणजे तालुक्याचा दुकानदार प्रत्येक वेळी आपला शत्रू नसतो. त्यालाही वरूनच भाव येतो.

टायर स्वस्त व्हावा म्हणून रबर स्वस्त करा, ही मागणी मात्र आपण कधीही करू नये. रबर पिकवणारा केरळचा माणूस बहुतांशी लहान शेतकरीच आहे. २०११ साली किलोला २४० रुपयांच्या आसपास गेलेला रबराचा भाव २०१६ च्या सुरुवातीला १०० च्या खाली आला होता. टायरचे भाव त्या मानाने उतरले नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. कापूस मातीमोल झाला म्हणून शर्ट स्वस्त झाल्याचे आपण कधी पाहिले आहे काय? त्याचे दुःख आपल्याला समजायला वेळ लागू नये.

कराचेही बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, हे चांगले झाले. जीप-पिकअपच्या टायरवरचा कर २८ वरून १८ वर आला. नोंदणी असलेला व्यापारी आपल्या मालवाहू गाडीच्या टायरवर भरलेला कर पुढे वजा करून घेऊ शकतो. शेतकऱ्याची नोंदणी नसते, त्याला वजावट नाही. म्हणजे एकाच दुकानातला तोच टायर शेतकऱ्याला व्यापाऱ्यापेक्षा महाग पडतो.

तेव्हा जिल्हा सभेपुढे आमच्या सूचना अशा आहेत. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने टायरची वही ठेवावी: घेतल्याची तारीख, किंमत, चार आकडे, पंक्चर, चाललेले तास. प्रत्येक गावात वर्गणीतून एक चांगला हवामापक आणि पंप असावा, आणि तो ज्याला लागेल त्याला मिळावा. पेरणीच्या दोन महिने आधी गावोगावच्या गरजांची यादी करून दहा-वीस जणांनी एकत्र भाव मागवावेत. रोखीने आणि एकत्र घेणाऱ्याला जो भाव मिळतो तो उधारीने एकट्याला मिळत नाही. शेतमाल वाहणाऱ्या लहान मालगाड्यांच्या टायरलाही ट्रॅक्टरइतकाच कर असावा, आणि संगनमताच्या तक्रारींचे निकाल वर्षानुवर्षे लांबू नयेत, असा ठराव सभेने करावा.

ठराव सरकारकडे जाईल तेव्हा जाईल. हवा मात्र उद्या सकाळी मोजता येते.