वयाचा रकाना भरा

प्रति,
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, पुणे
मा. जिल्हाधिकारी, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी

विषय : पहिल्या महायुद्धात गेलेल्या अल्पवयीन मुलांची नोंद



आपल्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भिंतीत बसवलेली एक जुनी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात मृतांचा आकडा ४६ आहे. अशा आकड्यांत मुलं किती, हे पाटी सांगत नाही. ते शोधण्याची साधनं आज आपल्या कचेऱ्यांत आहेत, म्हणून हे पत्र.

युद्धावर मुलं गेली होती, यात शंका नाही. इंग्लंडमधल्या भारतीय जखमींची देखरेख करणाऱ्या सर वॉल्टर लॉरेन्स यांनी १९१५ साली ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना याबद्दल लिहिलं होतं. जखमींत भाता ओढणारा दहा वर्षांचा पोरगा होता, बारा वर्षांचे मोतद्दार होते. ब्रिटिश पलटणींतही कोवळी मुलं शिरली होती. सिडनी लुईस बाराव्या वर्षी भरती झाला आणि सोमच्या लढाईत लढला. त्याच्या आईनं जन्मदाखला पाठवून त्याला परत मागितलं, आणि तो परत आला. घरात जपलेल्या कागदांवरून २०१३ साली त्याची कहाणी सिद्ध झाली. आपल्याकडच्या आयांच्या हातात तसा दाखला नव्हता.

मात्र आठवणी आहेत आणि काही घरांत फोटोही आहेत. माझ्या आजोळी माळ्यावरच्या ट्रंकेत असा एक फोटो सापडला. स्टुडिओच्या पडद्यापुढे उभा मुलगा, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, कमरेचा पट्टा आवळून दोन बोटं पुढे गेलेला. थोरल्या मावशी म्हणाल्या, "हा बसऱ्याला गेला तो. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. प्लेगात गाव माळावर झोपड्यांत राहिलं, तेव्हा हा अंगावर पीत होता. मानमोडीच्या आधीच त्याच्या मरणाचा कागद आला." त्यांनी हे आपल्या आजीकडून ऐकलेलं. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ, हे पक्कं आहे. त्या गावातल्या प्लेगचं साल सरकारी दप्तरात सापडू शकतं. ते मिळालं, की या मुलाचं वय वर्षा-दोन वर्षांच्या फरकानं सांगता येईल.

पुढचं काम कोतवाल बुकाचं. त्यात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, पुष्कळशा मोडीत. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख असते. नोंदीतला मुलगा थोरला की धाकटा, हे घरचेच सांगू शकतात. नुसत्या फोटोवरून वय ठरत नाही, नुसती आठवण चुकू शकते, नुसती नोंद मुकी असते. तिन्ही एका टेबलावर आली तर खात्रीनं बोलता येतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर हीच दप्तरं उघडली गेली, मोडी जाणणारे बसवले गेले, पानं स्कॅन झाली. म्हणजे यंत्रणा आहे आणि अनुभवही आहे.

पंजाबचं उदाहरण समोर आहे. तिथल्या सरकारनं युद्धानंतर सैनिकांच्या गाववार नोंदवह्या केल्या. लाहोर संग्रहालयात त्या जवळजवळ शतकभर पडून होत्या. २०२१ साली त्यांतल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि जगभर विखुरलेल्या घरांना आपली माणसं सापडू लागली. त्याच वर्षी राष्ट्रकुल युद्ध कबरी आयोगानं आपल्या अहवालात कबूल केलं, की मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार मृतांचं नावानिशी स्मरण झालेलं नाही. प्रत्यक्ष संख्या साडेतीन लाखांपर्यंत असू शकते. आयोगानं त्याबद्दल माफीही मागितली. पण कुणाचं वय काय होतं, हे इंग्लंडमध्ये बसून ठरणार नाही. ते इथल्या घरांत आणि इथल्या तहसिलींतच ठरेल.

एक काळजी विशेष घ्यावी. मराठा पलटणींचा वारसा सांभाळायला बेळगावचं केंद्र आहे. १९१७ साली उभी राहिलेली १११ वी महार पलटण मात्र युद्धानंतर थोड्याच वर्षांत मोडली गेली. भिस्ती, खेचरवाले, आचारी, हमाल यांना तर पलटणीचा अभिमानही मिळाला नाही. लॉरेन्स यांनी लिहिलेली ती मुलं अशाच कामांवरची होती. शोध फक्त बंदूकधाऱ्यांपुरता ठेवला, तर सर्वांत लहान मुलंच त्यातून सुटतील.

माझ्या मागण्या चार आहेत. गावोगावी शिबिरं घेऊन घरचे फोटो जागेवरच स्कॅन करावेत आणि मूळ फोटो घरच्यांकडेच राहू द्यावेत. ऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. कोतवाल बुकं आणि शाळांची जनरल रजिस्टरं यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. जे सिद्ध होईल ते पुराव्यांसह कबरी आयोगाकडे पाठवावं आणि गावाच्या पाटीशेजारी नाव, वय, कामासह लावावं.

हा पराक्रमाचा सोहळा होऊ नये, ही विनंती. भरतीचे आकडे भरायला पोरांनाही घेतलं गेलं, त्यांचं वय कुणी विचारलं नाही किंवा विचारूनही लिहिलं नाही. तो अन्याय ब्रिटिश राजवटीचा होता. मात्र दप्तरं आता आपल्या ताब्यात आहेत. यापुढे वयाचा रकाना कोरा राहिला, तर जबाबदारी आपली असेल. जुनी घरं पडताहेत, फोटो भंगारात जाताहेत, आठवण सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. सातारा तालुक्यापासून सुरुवात करा. पहिलं शिबिर कधी आणि कुठे, एवढं जाहीर करा. फोटो घेऊन आम्ही येऊ.

आपली नम्र,
बसऱ्याला गेलेल्या एका मुलाच्या घरातली नात