बुद्धी डब्यात मिळत नाही

१४ एप्रिलच्या निमित्ताने आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम झाला. सकाळी सहाला पोरं-पोरी पुस्तकं उघडून बसली. दुपारी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या एका मुलीने पिशवीतून डबा काढला. त्यावर मेंदूचं चित्र आणि खाली ‘स्मरणशक्ती, एकाग्रता, मेंदूला ऊर्जा’. किंमत बाराशे रुपये. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. सकाळपासून काय खाल्लंस, असं आम्ही विचारलं. उत्तर आलं, “चहा-बिस्किट.”

त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. आमचा वाद तिला बाराशे रुपयांना फसवणाऱ्यांशी आहे, आणि तिच्या ताटात काहीच पडू न देणाऱ्यांशी आहे.

आधी साधं विज्ञान पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजमधून, म्हणजे भाकरी-भातातून येते. ती वापरायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होतं. जिच्या रक्तातच लोह नाही, तिला पुस्तकासमोर झोप येणार, धाप लागणार, वाचलेलं डोक्यात राहणार नाही. यात तिची बुद्धी कुठे कमी पडली?

“पण डबा घेतल्यावर फरक जाणवतो,” असं पोरं सांगतात. अनेक ‘ऊर्जा’ देणाऱ्या पेयांत आणि पुड्यांत कॅफिन असतं. ते झोप थोपवतं, पोट भरत नाही. ब्राह्मीवर काही छोटे अभ्यास झालेत, आठवडेच्या आठवडे घेतल्यावर थोडा परिणाम दिसल्याचं त्यातले काही सांगतात. जिंकोचा तर जगभर गाजावाजा झाला. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर त्याची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले, आणि स्मृतिभ्रंश टाळण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. ऐकीव गोष्टीवर, कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. बुद्धाला मानणाऱ्यांनी जाहिरातीतल्या पांढऱ्या कोटाला तरी का मानावं?

आता कायदा. १९४५ च्या औषध नियमांतील ‘जे’ अनुसूचीत मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा उल्लेख आहे. असा दावा औषधाला करता येत नाही. मग हे डबे विकले कसे जातात? पूरक आहार म्हणून, म्हणजे अन्न म्हणून. त्यांच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. परवाना अन्नाचा घ्यायचा आणि बोलणं वैद्याचं करायचं, असा हा धंदा आहे. ती बारीक ओळ वाचायला आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही.

गोळ्यांना आमचा सरसकट विरोध नाही. शाळेत किशोरवयीन मुला-मुलींना दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी फुकट मिळते. कमतरता असेल तिथे तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण फुकटची म्हणून, मळमळते म्हणून ती खिडकीबाहेर जाते आणि बाराशेचा डबा कपाटात जपून ठेवला जातो. ती गोळी जेवणानंतर का घ्यायची, हे समजावून सांगणं आपल्या कार्यकर्त्यांचं काम आहे. ते आपण पुरेसं केलेलं नाही, हेही कबूल करू.

आणि अंडं? त्यात प्रथिनं आहेत, कोलीन आहे, बी-१२ आहे. बी-१२ कमी पडलं तर स्मरणशक्तीवर परिणाम होतो. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. त्यालाही सोवळ्याचा विरोध झालाच. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. ज्यांच्या घरी डब्यात बदाम असतात त्यांनी गरिबाच्या पोराच्या अंड्यावर मत द्यायचं, आणि पुढे तेच पोर मागे पडलं की ‘गुणवत्ता’ विचारायची!

‘तुझा मेंदू कमी आहे’ हे या जातिव्यवस्थेने आपल्याला शतकानुशतकं ऐकवलं. आता तेच वाक्य डब्यावर छापून आपल्यालाच विकलं जातंय. बाबासाहेबांचे अठरा तास आपण अभिमानाने सांगतो. त्यामागे बडोद्याची शिष्यवृत्ती होती, कोलंबियाचं ग्रंथालय होतं, हेही सांगू या. आणि अर्धपोटी राहून केलेल्या अभ्यासाची किंमत शरीराला मोजावी लागते, हेही.

म्हणून आमच्या अभ्यासिकेत ठरलं आहे: पुढच्या उपक्रमात आधी जेवण, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ, रात्री पुरेशी झोप, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांची हिमोग्लोबिन तपासणी. शाळेतलं अंडं आणि रखडलेली शिष्यवृत्ती, यासाठी निवेदन आणि मोर्चा. तुमच्या वस्तीतही हे करा.

जय भीम!