फजितीचा हा धंदा बंद पाडा!

साखऱ्याच्या मायमाउल्यांनो, बांधवांनो,

परवा सप्ताहात एका पोराची अभंगात चाल चुकली. पूर्वी कुणी अडखळलं की मागचे टाळकरी ध्रुपद उचलायचे, गाणाऱ्याला सावरून घ्यायचे. परवा टाळ थांबले आणि पाच-सहा मोबाईल वर झाले. रात्री तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरला. पोरगं चार दिवस शाळेत गेलं नाही. नामदेवांच्या नर्सीचा हा जिल्हा, आणि इथं हे घडलं.

आपल्या लेकरांना हे टीव्हीनं शिकवलं. गाण्याच्या स्पर्धेला हजारो पोरं रांगा लावतात. त्यातली बहुतेक कॅमेऱ्याआडच्या फेरीतच गळतात. मग अगदी बेसूर पोरगं बड्या परीक्षकांपुढं पोचतं कसं? त्याला मुद्दाम पाठवतात. त्याचा रडवेला चेहरा जवळून दाखवायचा, परीक्षकांचं हसू दाखवायचं, टीआरपी चढला की दहा-दहा सेकंदांच्या जाहिराती चढ्या भावानं विकायच्या. पैसा वाहिनीचा, आणि गावात तोंड दाखवायची चोरी त्या पोराची.

२०१० साली ‘राखी का इन्साफ’ या कार्यक्रमात झाशीकडच्या एका तरुणाला कॅमेऱ्यापुढं नामर्द म्हटलं गेलं. पुढं थोड्याच दिवसांत तो गेला. त्या अपमानानं खचून त्यानं अन्न सोडलं होतं, असं घरच्यांनी सांगितलं. सरकारनं काय केलं? कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखवायला सांगितला. माणसाची अब्रू अकरानंतर स्वस्त होते काय?

पोरं म्हणतात, सूरज चव्हाण जिंकलाच की! जिंकला, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचं गरिबाघरचं पोर २०२४ साली ‘बिग बॉस मराठी’त पहिलं आलं. पण त्याला नीट वाचता येत नाही हेही त्याच कार्यक्रमानं घरोघरी पोचवलं. ट्रॉफी एकाला मिळाली. बाकीच्यांची भांडणं, रडणी, शिव्या रोज रात्री विकल्या गेल्या.

वाहिन्यांवरच्या अशा कार्यक्रमांविरुद्ध बीसीसीसी या तक्रार परिषदेकडं कुणालाही तक्रार करता येते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आम्ही लिहून देऊ. गावच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ आजच काढून टाका. पुढच्या सप्ताहात ते पोरगं पुन्हा उभं राहणार आहे, त्याच्या आईला मी तसा शब्द दिलाय. मोबाईल घरी ठेवून या. तो अडखळला तर ध्रुपद आपण उचलायचं.

आपला,
साखऱ्यातला एक टाळकरी