गाडी कोण चालवणार?

"आजोबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना गाड्यांसाठी कर्जं दिलीत. आता माझी गाडी तुम्हीच ठरवा," असे नातीने जाहीर केले, तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले. मला मात्र वाटले नाही. नातीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली. शिकाऊ परवान्याचा महिना रीतसर काढून तिने पक्का परवानाही मिळवला. कॉलेज गावाबाहेर, बस बेभरवशाची. गाडी हवी याबद्दल घरात दुमत नव्हते. कोणती हवी यावर मात्र चार डोकी आणि पाच मते होती. जावयांच्या मनात बारा लाखांची उंचेली गाडी, "म्हणजे बाबा, ठोकर बसली तरी पोरगी सुरक्षित." लेकीचे म्हणणे, आधी स्वस्तातली जुनी घ्यावी, तिला काय पोचे काढायचे ते काढू द्यावेत, मग नवी. नातीचा आग्रह फक्त रंगाचा. आणि तिचा पंधरा वर्षांचा भाऊ, ज्याला कोणी विचारलेच नव्हते, त्याला प्रत्येक गाडीचे इंजिन आणि वेग तोंडपाठ होता.

ही चर्चा सध्या पुष्कळ घरांत चालू असणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या असतील तर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना हा लाभ मिळाला. सर्वांत लहान गाड्यांच्या शोरूममधल्या किमती तेव्हा साडेतीन-चार लाखांच्या घरात उतरल्या. आमच्या पिढीने स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा बँकेतल्या आम्हा तरुण कारकुनांना ती खिडकीतून बघण्याची वस्तू वाटली होती. आज बँकेतला कारकून मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला गाडी घेऊन देऊ शकतो. याचा आनंद मानावा की नाही? मानावा. पण वस्तू आवाक्यात आली म्हणजे तिची जोखीमही आवाक्यात आली, असे नव्हे. किंमत आपण विचारतो. जोखीम विचारायची राहून जाते.

ती कशी राहून जाते, हे मी स्वतःच्या सहीने पाहिले आहे. नव्वदीच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या शाखेत कर्ज अधिकारी होतो. वाहनकर्जे वाढवा, असा वरून धोशा होता. एका द्राक्षबागायतदाराचा अर्ज आला. सातबारा स्वच्छ, दोन खणखणीत जामीन, जुनी खाती वेळेवर फिटलेली. मी अर्ज मंजूर केला. गाडी आली, पेढे आले. दोन-अडीच वर्षांनी त्याच गाडीखाली सायकलवरून कामावर निघालेला एक शेतमजूर गेला. गाडी चालवत होता बागायतदाराचा सोळा वर्षांचा मुलगा. विमा होता, हप्ताही वेळेवर भरलेला होता. दावा न्यायाधिकरणापुढे काही वर्षे चालला आणि निकाल लागला तो असा: मजुराच्या विधवेला विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करून घ्यावी. कारण चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता. त्या वसुलीत बागेतला दोन एकरांचा तुकडा गेला.

या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सविस्तर शिक्कामोर्तब केले. बळी पडलेल्याला भरपाई मिळावी हा कायद्याचा हेतू. म्हणून मालकाची चूक असली तरी विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाला गाठावे. विधवेच्या बाजूने पाहिले तर हा न्याय योग्यच आहे. बागायतदाराच्या बाजूने पाहिले तर ज्या कागदावर तो निर्धास्त झोपत होता, तो त्याच्यापुरता कोराच निघाला. आणि माझ्या बाजूने? मी तो अर्ज पुन्हा काढून वाचला. उत्पन्न, जमीन, जामीन, पिके, घरातली माणसे, सगळे रकाने भरलेले होते. एक रकाना मात्र अर्जात नव्हताच. गाडी कोण चालवणार?

तो रकाना आपल्याकडे आजही जवळजवळ कुठेच नाही, हे या विषयाचे मर्म आहे. माझी भाची इंग्लंडात असते. तिथे सतराव्या वर्षी मोटार चालवता येते. तिच्या मुलाची वेळ आली, तेव्हा त्यांनी आधी विम्याचे दर मागवले आणि मग गाडी शोधली. तिकडे गाड्यांचे एक ते पन्नास असे विमागट पाडण्याची पद्धत रुळली. पहिल्या गटांत लहान इंजिनाच्या, दुरुस्तीला स्वस्त गाड्या. त्यावर चालवणाऱ्याचे वय आणि अनुभव यांचे ओझे. कोवळ्या चालकाचा वर्षाचा हप्ता कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. म्हणून पुष्कळ मुले गाडीत वेगाची आणि ब्रेकची नोंद ठेवणारी पेटी बसवून घेतात. गाडी मुलानेच चालवायची आणि मुख्य चालक म्हणून आईचे नाव लावायचे, याला तिथे सरळ फसवणूक म्हणतात. थोडक्यात, पोराला मोठी गाडी देऊ नका हे बापाला सांगावे लागत नाही. विम्याचा आकडाच सांगतो.

आपल्याकडे हा आकडा मुका आहे. तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा घ्या. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीचा वर्षाचा हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा ठरला. चालवणारा पन्नास वर्षांचा सावध शिक्षक असो की काल परवाना मिळालेला मुलगा, दर तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही मुख्यतः गाडीची किंमत, तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे शहर यांवर ठरतो. चालवाल तसे भरा, या धर्तीच्या योजनांना विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये मोकळीक दिली. पण त्या ऐच्छिक आहेत. तरुण चालकाच्या वाढीव धोक्याची किंमत आपण सगळे मिळून भरतो. म्हणून ती कोणालाच जाणवत नाही, आणि बारा लाखांच्या गाडीवर मुलाला बसवताना बापाचा हात अडत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातली होती. ही किंमत कोणत्याही हप्त्यात बसत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडले, ते आपण विसरलेलो नाही. सतरा वर्षांच्या मुलावर आरोप, क्रमांकाची पाटीही नसलेली कोट्यवधींच्या वर्गातली गाडी, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेलेले, आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. साऱ्या देशाने त्या निबंधावर संताप व्यक्त केला, आणि तो रास्तच होता. पण संतापून झाल्यावर आपण आपल्या घरातल्या किल्लीकडे पाहिले का? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. कायदा कठोर आहे. तरी शिकवणीच्या वर्गाबाहेर संध्याकाळी उभ्या असलेल्या दुचाकी कोणाच्या, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

असो. मी नातीच्या गाडीकडे वळतो, कारण उपदेशाने गाडी येत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन मी जावयांसमोर बसलो. सासऱ्याने जावयाला हिशेब शिकवणे हे नाजूक काम असते. पण बँकेतल्या माणसाला आकड्यांच्या आड लपता येते. पहिला हिशेब कर्जाचा. पाच लाख रुपये, साडेनऊ टक्के दर धरू. पाच वर्षांत फेडले तर महिन्याला साधारण साडेदहा हजार, एकूण व्याज एक लाख तीस हजार. सात वर्षांत फेडले तर हप्ता सव्वाआठ हजारांच्या आत, म्हणून गोड वाटतो. पण व्याज एक लाख शहाऐंशी हजार. लांबच्या मुदतीचे कर्ज ही माझ्या पूर्वीच्या धंद्यातली सर्वांत सभ्य चिमटी आहे. शिवाय शोरूमच्या किमतीवर आपल्या राज्यात दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला अकरा टक्क्यांच्या आसपास वाहनकर, आणि सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो.

दुसरा हिशेब सुरक्षिततेचा. जावयांची काळजी खोटी नव्हती. पण गाडीची उंची म्हणजे सुरक्षितता नव्हे. ब्रेक लागताना चाके जखडू न देणारी यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आणि चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठीही ती पुढे सक्तीची झाली. म्हणून लेकीची "दहा वर्षांची स्वस्तातली" गाडी मी पहिल्याच फेरीत बाद केली. सर्वांत कच्च्या चालकाला सर्वांत कच्ची गाडी देण्यात कसले शहाणपण?

तिसरा हिशेब विम्याच्या बारीक अक्षरांचा. नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा घेतला तर कायद्याचे समाधान होते, पण गाडीत बसलेल्या मैत्रिणींना सहसा त्याचे छत्र नसते; सर्वसमावेशक विम्यात ते असते. कॉलेजची गाडी कधी एकटी धावते का? दुसरे, प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कंपनी निम्मी घट धरते. नवशिक्या चालकाचा पहिला बळी बंपर, आणि बंपर प्लास्टिकचा. म्हणून पहिली काही वर्षे घसारा न कापणारे जोडकलम थोडे जास्त पैसे भरूनही घ्यावे. तिसरे, मालक-चालकाला पंधरा लाखांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण असते, पण ते नोंदणीकृत मालकालाच. गाडी बापाच्या नावावर आणि चालवते मुलगी, तर त्या पंधरा लाखांशी तिचा संबंध नाही.

म्हणून मी सुचवले की गाडी नातीच्या नावावर घ्या. याचा आणखी एक लाभ आहे. दावा न केल्याची सवलत पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून सुरू होते आणि पाच निर्धोक वर्षांनी पन्नास टक्क्यांवर जाते. ही सवलत गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी ती मालकाबरोबर पुढच्या गाडीवर जाते. अठराव्या वर्षी माणसाला मिळवता येईल असा हा जपून वागण्याचा बहुधा एकमेव रोख मोबदला. "म्हणजे छोटे ओरखडे दाव्यात घालायचे नाहीत, पॉकेटमनीतून भरायचे," असे मी म्हटले, तेव्हा नातीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

अखेर ठरली ती तीन वर्षे वापरलेली, हजार सीसीच्या आतली, दोन एअरबॅगांची लहान गाडी. कर्ज न काढता. त्यातही कागद पाहिले. आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा उतरल्याचे पत्र आणि फॉर्म ३५, थकलेले दंड, देखभालीच्या नोंदी. नोंदणी नावावर झाल्याशिवाय जुन्या मालकाने गाडी सोडू नये, हेही मी त्यालाच सांगितले; कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाला तर नोंदीत ज्याचे नाव, तोच जबाबदार. विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. विकणारा गृहस्थ म्हणाला, "काका, इतकं कोण बघतं?" मी म्हटले, "ज्यानं एकदा बघितलं नाही, तो."

गाडी घरी आली. लेकीने ओवाळले, नारळ फुटला, रंग नातीला आवडला नाही ते तिने गिळले. मग मी एका कोऱ्या कागदावर माझ्या अर्जात नसलेला तो रकाना आखला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. गाडी कोण चालवणार? नातीने आपले नाव लिहिले. रात्री दहानंतर नाही, असे तिच्या आईने पुढे जोडले. जावयांनी आपले नाव लिहिले. कागद फिरत फिरत धाकट्यापाशी गेला. त्याने पेन उचलले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, सोसायटीच्या आवारात तरी?"

त्या बागायतदाराचा मुलगाही आधी बागेतल्या वाटेवरच चालवायचा, हे मी त्याला सांगितले. पहिल्यांदाच सांगितले, इतकी वर्षे घरात कोणाला सांगितले नव्हते. तो काही बोलला नाही. पेन खाली ठेवून उठला. दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली त्या रात्री लेकीने काढून कपाटात ठेवली. अजून ती तिथेच असते.