हात कोणाचे मोलाचे?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००२ साली २५५ लिटर आकारमानाची एक बंदिस्त पेटी बसविण्यात आली. अंतराळवीर पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून आतील प्रयोग हाताळतो. आतील हवेचा दाब बाहेरच्याहून कमी राखलेला असतो. फट पडली तरी बाहेरची हवा आत जाते, विषारी वाफ बाहेर येत नाही. २०२५ साली शुभांशु शुक्ला यांनी स्नायूंच्या मूलपेशींवरील प्रयोग अशाच दुसऱ्या पेटीत केला.

या विज्ञानाचा द्वेष करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. ‘अवकाशात पैसा कशाला?’ हा सवाल सोपा आहे, आणि म्हणूनच निरुपयोगी. पेटीमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. माणूस आणि धोका यांच्यामध्ये भिंत उभारण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची असते. हे तत्त्व पृथ्वीवर उतरताना जातीच्या उंबरठ्याशी का अडखळते?

हिंजवडीत मुळशीच्या शेतजमिनींवर माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, त्यात जीवतंत्रज्ञान उद्यानही आले. जीवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत संशोधकाचा श्वास राखणारी बंदिस्त कपाटे असतात, आणि ती असलीच पाहिजेत. परंतु प्रत्येक चकचकीत वसाहतीच्या तळाशी मैल्याच्या टाक्याही असतात. त्यांत साचणारा हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. तरीही या देशात दोर बांधून माणूस आत उतरविला जातो, आणि तो बहुधा दलितच असतो.

‘माणसे कंत्राटदाराची आहेत,’ हे उत्तर ठरलेले. २०१३ च्या कायद्याने ती पळवाट केव्हाच बुजविली आहे: धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणत्याही रीतीने माणूस नेमण्यास मनाई आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली; मरण थांबले नाही. मैला उपसणारी यंत्रे बाजारात आहेत. उणीव तंत्रज्ञानाची नाही, किंमत मोजण्याच्या इच्छेची आहे.

याच पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या साथीने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली. कचऱ्यात हात घालणाऱ्या स्त्रियांनी स्वतःला कामगार म्हणवून घेतले. त्यांचे हक्क दयेतून नव्हे, संघटनेतून आले.

हिंजवडीतील कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्रत्येक आस्थापनेला आणि गृहसंस्थेला लेखी विचारावे: टाकी कोण साफ करतो, कोणत्या यंत्राने, कोणाच्या जबाबदारीवर? अवकाशातील हाताला जे संरक्षण मिळते, ते गटारातील हाताला नाकारणारी प्रगती ही प्रगती नव्हे. ती वर्णव्यवस्थेची नवी मजले चढविलेली जुनीच इमारत आहे.